पांढऱ्यावर पिवळं

"काका, पेजचा हा पत्ता कुणाला पाठवलाय का तुम्ही?" ऐश्वर्याने स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं.

"पाठवलाय की! राजरत्नला. आमचा मुलगा. घोडबंदरला असतो, वेबसाइटच बनवतो तो." कुंडलिक पेंटर खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाला. "दोन मिनिटांत उत्तर आलेलं त्याचं. एक नंबर म्हणाला. रंग तर लय भारी म्हणाला."

वर्तकनगरच्या वाचनालयातला हा ज्येष्ठांचा कॉम्प्युटरवर्ग. सहा कॉम्प्युटर, आठ म्हातारे, आणि सगळ्यांत उतू जाणारा उत्साह कुंडलिकचा. चाळीस वर्षं त्याने दुकानांच्या पाट्या रंगवल्या; मग फ्लेक्स आले आणि ब्रश डब्यातच वाळून गेले. आता त्याने स्वतःच्या दोन बोटांनी एक वेबपेज बनवलं होतं. वर मोठ्या अक्षरांत 'कुंडलिकच्या पाट्या', खाली पिठाच्या गिरणीपासून दातांच्या दवाखान्यापर्यंत अकरा फोटो. मुलाचं ते 'एक नंबर' आठवडाभर त्याने चहावाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना वाचून दाखवलं होतं, कुणी विचारो न विचारो.

ऐश्वर्या घुटमळली. पोरगी जेमतेम चोवीसची, पण वर्गात तिला सगळे मॅडम म्हणत. "काका, तुमचं पेज अजून फक्त याच कॉम्प्युटरमध्ये आहे. हा पत्ता इथल्याच फोल्डरचा. दुसरीकडे कुठेच उघडणार नाही तो. नवीन शिकताना सगळ्यांचंच होतं असं."

"पण त्याने बघितलं ना."

ऐश्वर्याने माउस थोडा इकडेतिकडे हलवला. कुंडलिकने स्क्रीनवरचा पत्ता पुन्हा एकदा वाचला. शेजारच्या शालनताईंनी उगाचच चष्मा काढून पुसला.

"बिझी असेल हो तो," ऐश्वर्या घाईने म्हणाली. "आपण आत्ता नेटवर चढवू. मग कुठूनही दिसेल."

कुंडलिकला मुलाचा राग आला नाही. आठवलं ते भलतंच. पाचवीतला राजरत्न शिडीखाली उभा राहून भर बाजारात ओरडायचा, "बाबा, पांढऱ्यावर पिवळं नको, लांबून दिसत नाय!" दुकानदार हसायचा, बापाची अब्रू जायची, आणि बाप मुकाट्याने पिवळं पुसायला घ्यायचा, कारण पोर खरं बोलायचं. वाहवा करणारे आयुष्यात पुष्कळ भेटले. चूक काढणारा तेवढा एकच होता. आता तो दर रविवारी येतो म्हणायचा आणि दर रविवारी घोडबंदरला ट्रॅफिक असायचं. त्या ओरडण्याची कुंडलिकला फार आठवण आली.

"एक मिनिट, मॅडम."

त्याने कीबोर्ड पुढे ओढला. एकेक अक्षर शोधत त्याने मथळ्याचा रंग बदलला. पांढऱ्या पानावर पिवळी अक्षरं.

"अहो काका, काय केलंत हे? आता नावच वाचता येत नाही!"

"राहू दे. बघितलं तर गप्प नाही बसायचा तो. फोन करून ओरडेल मला."

ऐश्वर्याने त्याच्याकडे पाहिलं. तिने पेज नेटवर चढवलं, आपल्या मोबाइलवर उघडून खात्री केली आणि नवी लिंक त्याला दिली. कुंडलिकने ती मुलाला पाठवली. खाली लिहिलं, 'बघून सांग.' मग फोन हातात धरून तो बसून राहिला. मध्येच त्याने आवाज मोठा केला, रिंग ऐकू आली नाही असं नको व्हायला.

वर्ग सुटायची वेळ झाली. एकेक जण पिशवी उचलू लागला. फोन वाजला नाही, मेसेज आला.

"काय म्हणतोय मुलगा?" शालनताईंनी दारातून विचारलं.

कुंडलिकने नेहमीसारखं मोठ्याने वाचलं. "'सुपर, बाबा! मीटिंगमध्ये आहे. पण रंग एकदम झकास.'"

"बघा, गुणी आहे हो पोरगा," असं म्हणत शालनताई गेल्या. ऐश्वर्या कीबोर्डकडे बघत राहिली.

कुंडलिकने मेसेज आणखी एकदा वाचला, या वेळी मनातल्या मनात. मग फोन शर्टाच्या खिशात टाकला आणि वरचं बटण लावलं.

"काळं करा आता, मॅडम," तो म्हणाला. "बाकीच्यांना तरी दिसू दे."