दुहेरी गाठ

चाळीस वर्षं शिंप्याने बायकोची अक्कल काढली. एखादं काज वाकडं झालं, की गिऱ्हाइकासमोरच म्हणायचा, "हिच्या डोक्यात नुसता भुसा." म्हणून गेल्या आठवड्यात त्याने शर्टाची डावी बाही उजवीकडे आणि उजवी डावीकडे लावलेली दिसली, तेव्हा तिला आधी बरंच वाटलं. मग रोजच तसं व्हायला लागलं.

तिने बोभाटा केला नाही. दुपारी तो खुर्चीत घोरायला लागला, की ती बाह्या उसवायची, नीट लावायची आणि शेवटी दुहेरी गाठ मारून दोरा दातांनी तोडायची. तशी गाठ दुकानात दुसरं कुणी मारत नसे.

आज पडद्याआडून तिला त्याचा आवाज आला. तो फोनवर लेकीशी बोलत होता.

"तुझ्या आईला डॉक्टरकडे न्यायला हवं गं. मी बाह्या नीट लावतो, ही दुपारी त्या उलट्यापालट्या करून ठेवते. संध्याकाळी मी पुन्हा लावतो. तिला बोलत नाही काही. आयुष्यभर बोललोच की."

"खोटारडा मेला!" ती पुटपुटली.

सकाळीच शिवून झालेला शर्ट तिने खुंटीवरून ओढला. त्याला आपण अजून हातही लावलेला नाही, याची तिला खात्री होती. बाह्या उलट्याच होत्या. आता दाखवतेच, म्हणत तिने शिवण उलटून पाहिली.

टोकाला दुहेरी गाठ होती. दातांनी तोडलेला दोरा अजून ओला होता.