एक काना

“भिमाने आपघात केला,” छगन अंगणात उभ्यानंच म्हणाला. अहमदाबादेच्या गिरणीतला तो भिमाचा सोबती. भिमाचं गाठोडं त्याच्या घरी पोचवायला हिर्डोशी गावाची चढण चढून आला होता. मराठी त्याला जेमतेमच येत होती.

“अपघात झाला, म्हना,” भिमाचा धाकटा भाऊ गेनबा रडता रडताच बोलून गेला.

छगननं त्याच्याकडं पाहिलं. काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. आत भिमा आणि गेनबाच्या आईनं, बाळाबाईनं, हंबरडा फोडला होता. “यंत्रानं खाल्ला रं माझा ल्योक!”

शिमग्याला भिमा घरी आला होता. मुकादम उठता बसता आईवरून शिव्या देतो, सगळ्यांदेखत थोबाडीत मारतो, आता म्या परत जात न्हाई, म्हणाला होता. बाळाबाईनंच भाकरी बांधून त्याला वाटेला लावलं. घरचं भात चार महिने पुरायचं. पुढं खायचं काय, म्हणाली.

त्याच्या जागी गेनबा गेला. कापड विणायचा तोच साचा, तीच खोली, तोच मुकादम. वर्षभरात मार काही अंगवळणी पडला नाही, भाषा मात्र पडली. एका सकाळी नदीच्या पुलावर ही गर्दी. खाली वाळूत एका बाईला बाहेर काढून ठेवलं होतं. “आपघात, आपघात,” लोक कुजबुजत होते.

“मोटारीनं उडवलं का?” गेनबानं विचारलं.

“मोटार कसली?” शेजारचा म्हातारा आपल्या गुजरातीत म्हणाला. “स्वतःच उडी टाकली तिनं.”

गेनबाला छगनचं अंगणातलं वाक्य आठवलं. मराठीतला अपघात कुणाचाही होतो. गुजरातीतला आपघात म्हणजे आपणच आपला केलेला घात. छगनची भाषा चुकली नव्हती. त्याला ‘केला’ असंच म्हणायचं होतं.

त्याच आठवड्यात गेनबानं गाव गाठायचं ठरवलं. भोरपर्यंत मोटार, पुढं पायी. वाटभर त्यानं एकच बोलणं घोळवलं. आये, भिमानं जीव दिला, म्या तिकडं परत जात न्हाई. हे ऐकल्यावर कुठली आई दुसऱ्या पोराला तिथं धाडेल?

बाळाबाईनं नाचणीची भाकरी वाढली आणि समोर बसली. गेनबा बोलायच्या आत तिनंच विचारलं, “ते यंत्र बगितलंस का रं तू? भिमाला नेलं ते?” मग चुलीकडं बघत म्हणाली, “म्याच त्याला घालवला. यंत्रानं नेला म्हून जगते तरी. न्हाईतर कवाच हिरीत उडी घेतली आसती.”

गेनबानं हातातला घास ताटात ठेवला.

“बगितलं,” तो म्हणाला. “पट्टा तुटला आन् डोस्क्यात बसला. कळलं बी न्हाई त्याला.”

बाळाबाईनं पदरानं तोंड पुसलं. वर्षात पहिल्यांदाच तिचा चेहरा सैल झाला.

“आता नवा पट्टा घातला आसंल की,” ती म्हणाली. “मंग तुला कसलं भ्याव? परवा निघ तू.”