तिसरं हाड

"तिसरं हाड," आजीबाई म्हणाल्या आणि तीन बोटं समाजसेविकेच्या नाकासमोर धरली. "आधी हात, मग मांडी, आता बरगडी. आठ महिन्यांची पोर. चालत नाही, पळत नाही, मग पडेल कुठून? लिहा."

समाजसेविका लिहीत होती. लहान मुलांच्या वॉर्डाशेजारची ती खोली एवढी अरुंद होती की खुर्चीत बसायला पोट आत ओढावं लागायचं. दाराच्या काचेतून बाहेरच्या बाकावर बसलेली सून दिसत होती. तीन दिवसांपासून तिला पोरीला हात लावायची बंदी होती. दूध काढायचं, बाटलीत भरायचं, सिस्टरच्या हातात द्यायचं, एवढाच काय तो तिचा पोरीशी संबंध.

"सूनबाईंचं काय म्हणणं आहे?"

"काय असणार? म्हणे, मी नुसतं उचललं." आजीबाईंनी सुनेचा रडवा सूर हुबेहूब काढला. "उचलल्यानं हाडं मोडत असती तर जगात एक माणूस धड उभं राहिलं नसतं."

"मारताना तुम्ही पाहिलंत?"

"काय?"

समाजसेविकेनं मोठ्यानं विचारलं.

"ओरडू नका, बहिरी नाही मी. चाळिशीपासून जरा कमी ऐकू येतं. आमच्या वडिलांचंही तसंच होतं. बरंच आहे, अर्धी कटकट बाहेरच्या बाहेर जाते." त्या खुर्चीत सरसावून बसल्या. "विस्तव आहे हे कळायला हात भाजून घ्यावा लागत नाही, बाई. मी यातून गेलेय. माझ्या आईनं माझा हात दोनदा मोडला, पाय एकदा. शेवटी वडिलांनी तिला माहेरी धाडलं. मी सहा वर्षांची. आत्यानं वाढवलं मला."

"आत्याकडे नंतर काही त्रास नाही झाला?"

"छे! मनगट मोडलं एकदा, पण ते माझ्याच धसमुसळेपणानं. आत्यानं कधी बोट लावलं नाही."

"आणि आई? जाताना काही बोलली असेल."

"बोलली असेल काहीतरी. मी तोंड फिरवून उभी होते. पुढं आजारी पडली तेव्हा तीन निरोप आले तिचे. नाही गेले." हे सांगताना आजीबाईंची मान ताठ होती.

समाजसेविकेनं कागद पुढं केला. या सहीनंतर पोर आईकडून सुटून आजीच्या ताब्यात येणार होती.

"माझ्याकडे सुखात राहील ती," आजीबाई म्हणाल्या. "आमच्यावरच गेलीय. डोळे बघितलेत तिचे? पांढऱ्यात निळसर झाक आहे. हे बघा माझे. माझ्या वडिलांचे असेच, माझ्या मुलाचे असेच. शंभर पोरांत घाला, आमचं पोर मी हुडकून काढीन. सुनेचे बघा, नुसते चुन्यासारखे."

त्यांनी पेन उचललं. शाळा दोनच यत्ता झालेली, पण अंगठा उठवणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. एकेक अक्षर गिरवत त्या सही करू लागल्या.

अर्धी सही झाली असेल, तेवढ्यात डॉक्टरीणबाई आत आल्या. त्या दुर्मिळ आजारांवर संशोधन करायच्या. मांडी मोडली तेव्हा त्यांनीच पोरीचं रक्त दूरच्या प्रयोगशाळेत पाठवलं होतं. घरातल्या सगळ्यांचं मागितलं होतं, पण आजीबाईंनी मुलाला देऊ दिलं नाही, स्वतःही दिलं नाही. आमच्या रक्तात खोट नाही, असं ठणकावून सांगितलं होतं. सुनेनं मात्र मुकाट्यानं हात पुढं केला होता.

"आलं का तुमचं रक्त?" आजीबाई म्हणाल्या. "दिसला का त्यात आईचा राग?"

"पोरीला कुणी मारलेलं नाही," डॉक्टरीणबाई त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "जन्मतःच हाडं ठिसूळ आहेत तिची. लंगोट बदलताना पाय उचलला, अंघोळीला काखेत धरून उचललं, तरी मोडतात."

समाजसेविकेनं आपली वही मिटली.

"वा! सुनेला वाचवायला नवा आजार काढलात," आजीबाई म्हणाल्या. "तिच्या माहेरचाच असणार."

"नाही, आजी. तिचं रक्त स्वच्छ आहे. हा आजार बहुतेकदा घराण्यातून येतो, कुणाला फार, कुणाला थोडा. थोडा असला तर लहानपणी चार-दोन हाडं मोडतात, मोठेपणी थांबतं. कानांना मात्र लवकर कमी ऐकू येऊ लागतं."

"हो का? मग त्याची खूणबीण सांगा की. सुनेच्या माहेरी जाऊन एकेकाला धरून बघते."

डॉक्टरीणबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग समाजसेविकाही बघू लागली.

"डोळ्यांचं पांढरं निळसर असतं, आजी."

आजीबाईंनी मान खाली घातली. पेन अजून अर्ध्या सहीवर टेकलेलं होतं आणि तिथं शाईचा डाग मोठा होत चालला होता. काचेपलीकडे सून उठली, भरलेली बाटली पदरानं पुसली, सिस्टरच्या हातात दिली आणि पुन्हा बाकावर जाऊन बसली.

"सूनबाईंना आत बोलवायचं ना?" समाजसेविकेनं विचारलं.

आजीबाईंना ते ऐकूच आलं नाही. पण सहाव्या वर्षी कान चांगले तिखट होते त्यांचे. तोंड फिरवून उभ्या होत्या तरी दारातून जाणाऱ्या आईचा शब्द न् शब्द ऐकला होता त्यांनी: "बाळे, मी नुसतं उचललं होतं गं तुला."