चौकट शाबूत आहे

भाऊजी स्वतःला डिजिटल तज्ज्ञ म्हणवतात. बाबा गेल्यावर मी ब्लॉगवर त्यांच्याविषयी लिहिलं. भाऊजींनी त्यात फिरते फोटो, पाच ताऱ्यांचं मतदान आणि बाबांच्या एकमेव व्हिडिओची चौकट बसवली. मधलं माझं लिखाण शोधावं लागायचं, पण आई रोज ती चौकट दाबून बाबांचं हसणं ऐकायची. आज चौकट राखाडी झाली: ‘व्हिडिओ उपलब्ध नाही.’ “मूळ व्हिडिओ माझ्या खात्यावरून उडवला,” भाऊजी म्हणाले. “ब्लॉगवर आलाय म्हटल्यावर दोनदा कशाला ठेवायचा?” “भाऊजी, दुर्बिणीत दिसला म्हणून चंद्र दुर्बिणीत येत नाही. दुसरी प्रत?” मी विचारलं. “नाही.” मग स्क्रीन न्याहाळत म्हणाले, “पण चौकट शाबूत आहे. मतदानही चालतंय.” आईने कपबशी आणून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी कप उचलला. आत थेंबही नव्हता. “आई, चहा?” “कप शाबूत आहे ना, जावईबापू? द्या पाच तारे.”