वेचणीतली लेकरं

“मासोळीतबी असते हे प्रोलॅक्टिन, चाची!” हीना सांगत होती. “पण मासोळीले कुठचं आलं दूध? तिथं त्याचं काम वेगळं, अंगातलं मीठ सांभाळायचं. आपल्यात मात्र ते म्हंजे दुधाचं रसायन.”

आज सफाची मंगनी. देऊळघाटातलं तिच्या बापाचं, हैदरचं घर पाहुण्यांनी भरलं होतं. सफाची मोठी बहीण हीना नर्सिंग शिकायची आणि दिसेल त्याला धडा ऐकवायची. शेजारची नसीमा बदाम सोलत ऐकत होती. नवरदेव आसिफ तिच्या दिराचा मुलगा.

“अन् ऐका तं! बाळंत न झालेल्या बाईलेबी दूध येते. मेंदूनं लगाम धरलेला असते. लेकरू रोज ओढत राह्यलं का लगाम सुटते.”

नसीमाचा हात थांबला. “पांढरं? खरं दूध?”

“हाव, खरंखुरं!”

या अल्ला! बीटी कपाशी नवी नवी आली, तेव्हाची गोष्ट. हैदरच्या अन् दिराच्या, दोन्ही घरांनी होतं नव्हतं ते बियाण्यात घातलेलं, मजूर लावायची सोय नाही. घरच्याच बाया वेचणीला. मग तान्ही लेकरं कोण सांभाळणार? नसीमा! वांझ बाईला दुसरं काम काय? सफा आणि आसिफ, दोघंही अंगावर पिणारी. भुकेनं आकांत करायची. नुसती गप व्हावीत म्हणून तिनं त्यांना कोरड्या छातीशी लावलं. वेचणी सरता सरता चोळी भिजू लागली. सुईण म्हणाली, बिमारीचं पाणी आहे, कुठं बोलू नको. नसीमा लाजेनं मेली, बोलली नाही. लेकरं मात्र पीत राहिली.

आता करावं काय? एका बाईचं दूध प्यायलेली लेकरं भाऊ-बहीण, त्यांचा निकाह होत नाही, हे मोहल्ल्यातलं शेंबडं पोरही सांगेल. बोलावं तर मेंदीभरल्या हातांनी हसणारी ती सफा समोर. गप्प राहावं, तर इतकी वर्षं राहिलीच होती की! पण ती बिमारी नव्हती. दूध होतं! नसीमाला रडू फुटत होतं आणि त्याच वेळी आनंदही मावत नव्हता. त्या आनंदाचीच तिला भीती वाटली.

मंगनीला बोलावलेल्या मौलानांनी विचारलं, “निकाहची तारीख धरू ना? कोणाची हरकत?”

नसीमा उभी राहिली.

“बसा ना भाभी,” आसिफची आई हळूच खेकसली. “हा मायबापाचा मामला आहे. तुमचं काय मधात?”

“म्हणूनच उठली,” नसीमा म्हणाली. “दोघाइचीबी माय आहो मी.”