गेणूभाऊंची मिशी

“कडू लागलं का?” हर्षालीने विचारलं.

“नाय,” मास्कच्या आतून गेणूभाऊ म्हणाले. डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं.

तिने त्यांच्या डोक्यावरच्या पारदर्शक टोपात पुन्हा कडू फवारा मारला. मास्क चेहऱ्याला घट्ट बसला असेल, तर आतल्या माणसाला चव कळत नाही.

“आता?”

“गोड लागतंय, मॅडम.” एवढं बोलले आणि त्यांना जोराचा ठसका लागला. रांगेतले सगळे हसले.

सिन्नरच्या त्या रंगाच्या कारखान्यात गेणूभाऊ एकोणीस वर्षं पावडर मिसळत होते. हल्ली नवी नॅनो पावडर आली होती. इतकी बारीक, की हवेत उडाली तरी दिसायची नाही. श्वासाबरोबर थेट फुप्फुसात खोल जायची. मास्क हवाच. पण गेणूभाऊंची मिशी गालांवरून जाऊन कल्ल्यांना भिडलेली. मास्कची कड केसांवर टेकायची आणि फट राहायची.

“मिशी काढा, नाहीतर पॅकिंगला जा,” हर्षालीने सांगितलं. सुरक्षा अधिकारी तीच होती.

“मिशी राहील,” म्हणाले, आणि गेले पॅकिंगला.

त्यांच्या जागेसाठी सहा जणांनी अर्ज दिले. त्यात त्यांची बायको सुवर्णाही होती. ती पॅकिंगमध्येच कामाला. तिला मास्क पहिल्या फटक्यात बसला. मशीनचंही तिने सगळं बरोबर सांगितलं. एकोणीस वर्षं नवरा जेवताना दुसरं बोललाच नव्हता.

“भाऊ, घरातच बढती झाली की!” कॅन्टीनमध्ये पोरं चिडवायची. गेणूभाऊ मिशीला पीळ द्यायचे.

सुवर्णा त्या जागेवर लागली, त्याच्या चौथ्या दिवशी ते हर्षालीसमोर येऊन उभे राहिले, तेव्हा तिने त्यांना ओळखलंच नाही. गुळगुळीत चेहरा. ओठांवरची कातडी उन्हाला नवखी, पांढरीफटक.

ती अवघडली. “भाऊ, उशीर केलात. जागा भरली. सुवर्णाताईंना आता कसं काढू?”

“काढू नका ना. आत मदतनीस लागतो, तो मला करा.”

“बायकोच्या हाताखाली?”

“तीन दिवस त्या खोलीच्या काचेतून बघतोय, मॅडम,” गेणूभाऊ हळूच म्हणाले. “मास्कचा मागचा पट्टा अंबाड्यावरून घसरतो तिचा. तिला दिसत नाय.”