इटलीचं रंगीत पुस्तक

बयाबाईंचा मुलगा हरिबा इटलीच्या लढाईत बेपत्ता झाला, त्याला पुढच्या महिन्यात बारा वर्षं पुरी होत होती. मग रिवाजाप्रमाणे तो मेला असं धरून भावकी त्याच्या नावाने दर्भाचा पुतळा करून अग्नी देणार होती. त्याआधी तो मुलूख तरी बघावा म्हणून बयाबाई हिर्डोशीहून चालत भोरच्या वाचनालयात आल्या. ग्रंथपाल आपट्यांनी सहलीला जाणाऱ्यांसाठी छापलेलं रंगीत पुस्तक काढलं. इटलीवर तेवढंच होतं.

"हे मिलान. इथं मुसोलिनीला मारून उलटं टांगलं. आणि हा राजवाडा. राजाला लोकांनी मतं देऊन घालवलं."

"आपलं बी राजे गेलं की."

"आपल्याला मतं विचारली नव्हती, बयाबाई."

पुढच्या पानावर समुद्रकिनारा होता. छत्र्यांखाली गोरी माणसं उघडीबंब पहुडली होती.

"ही कोन?"

"जर्मन. सुट्टीला येतात."

"हरिबा ज्यांच्यासंगं लडाय गेला, त्येच?"

"तेच. लढाई संपून अकरा वर्षं झाली. आता कुणीही यावं, कुणीही जावं."

बयाबाईंनी पान उलटू दिलं नाही. एकेका छत्रीखाली बोट फिरवत त्या म्हणाल्या, "मग मास्तर, आमच्याच पोराला कुनी धरून ठिवलंय?"